नकार हाताळण्याचा अनुभव

सार्थकने बायोडेटात 'अनुभव' या मथळ्याखाली लिहिलं होतं : लग्नात वाढपी, दिंडोरी रोडच्या लॉन्सवर. कॉलेजात मुलांच्या नोकऱ्यांचं बघणाऱ्या प्रतिभा मॅडमनी ते वाचून चष्मा काढला.

"वाढपी असं लिहितात का रे? काम नाही लिहायचं, कौशल्य लिहायचं. लोक जिलबीला नको म्हणाले की काय करायचास?"

"वाढायचो."

"आणि ताटावर हात आडवा धरला तर?"

"तर दोन वाढायचो. मॅडम, पहिलं नको ही नुसती रीत. खरं नको तिसऱ्यांदा येतं."

मॅडमनी टाइप केलं : 'नकार हाताळण्याचा तीन हंगामांचा अनुभव.'

तेवढ्या ओळीवर अंबडच्या एका कंपनीने बोलावलं. सार्थकला नोकरी हवीच होती. त्यासाठी त्याने ऐन लग्नसराईत केटररला तीनदा नको म्हटलं होतं.

मॅनेजर निकम साहेब खूश झाले. "आमची पोरं गिऱ्हाईक नाही म्हणालं की घरी येऊन झोपतात. सोमवारपासून येता?"

सार्थकच्या तोंडून संस्कार बाहेर पडले. "नको, नको. कशाला उगाच!"

आणि तो पुढच्या आग्रहाची वाट बघत बसला. साहेबांनी कॉम्प्युटरवर बटण दाबलं. "ठीक आहे. शुभेच्छा."

"सर, ते पहिलं 'नको' होतं!"

"आमच्याकडे पहिलंच धरतात. सिस्टीममध्ये दुसऱ्याला जागा नाही."

"एकदा घ्या म्हणा ना. लगेच घेतो."

"एकदा नको नोंदलं की सहा महिने पुन्हा म्हणता येत नाही. या आता." साहेबांनी हात आडवा केला.

आडवा हात दिसल्यावर सार्थकच्या जिवात जीव आला. तो उठला, टेबलाला वळसा घालून साहेबांच्या उजव्या अंगाला आला आणि कमरेत वाकला.

"अर्धी, साहेब. अर्धी नोकरी. अर्धीने काय होतंय?"

"अहो, नको—"

"वहिनींची शपथ."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दार लांब होतं. "बरं, अगदी अर्धी हं."

जगात कुठलाही वाढपी अर्धी वाढत नाही, हे साहेबांना सोमवारी कळलं. सार्थक सकाळी विक्रीत होता, दुपारी स्टोअरमध्ये, आणि संध्याकाळी एक लहानशी नोकरी हिशेब खात्यातही निघाली. नेमणुकीच्या तिन्ही कागदांवर सही साहेबांचीच होती. कधी केली ते त्यांना आठवत नव्हतं.

"अहो, मी अर्धी म्हणालो होतो!"

"असू द्या हो, साहेब," सार्थक म्हणाला. "संपेल."