दोघींची मिळून एक राजाबाई

तळवलीच्या राजाबाई धनाजी पाटील यांचा गुडघा ज्या दिवशी बदलला, त्याच दिवशी उलव्याच्या राजाबाई धनाजी पाटील सकाळपासून रस्ता झाडत होत्या. दोघींची जन्मतारीख मास्तरांनी अंदाजे ठोकून दिलेली, एक जून. त्यामुळे योजनांच्या अभ्यासासाठी दवाखान्याची आणि सफाई खात्याची माहिती जोडली, तेव्हा कॉम्प्युटरने दोघींची एकच बाई केली.

अभ्यास करणारी उत्कर्षा ती नोंद वाचून चाट पडली. बाई ऑपरेशन टेबलावरून उठून थेट कामावर हजर. तिने बाईंना बेलापूरच्या ऑफिसात मुलाखतीला बोलावलं. दोघी आल्या.

"नोंद एक आहे," तिचे साहेब सौरभ म्हणाले, "तेव्हा उत्तरही एकच येऊ द्या."

दोघी एका बाकावर बसल्या.

"गुडघा दुखतो?" उत्कर्षाने विचारलं.

"दुखतो," तळवलीच्या म्हणाल्या. "छे," उलव्याच्या म्हणाल्या. मग दोघींनी कुजबुजून ठरवलं, "जिना चढताना."

"पती हयात आहेत?"

"माजा धनी गेला," तळवलीच्या म्हणाल्या.

"माझा आहे की. घरी टीव्ही बघतोय."

"एकच लिहायचंय," सौरभ म्हणाले.

उलव्याच्या राजाबाई म्हणाल्या, "मग हयात लिवा. ह्यांच्याही वाटचा."

तळवलीच्या राजाबाईंनी पदराने डोळे टिपले.

उत्कर्षाला ते बघवेना. साहेबांच्या मागे लागून तिने नोंदी वेगळ्या करायला लावल्या. त्या झाल्या, पण मागचं सगळं आयुष्य उलव्याच्या राजाबाईंकडे राहिलं आणि तळवलीच्या राजाबाई नव्या नोंदीत, ती उघडली त्याच तारखेला जन्मल्या.

काही दिवसांनी आरोग्यसेविका अक्षता पोलिओचा डोस घेऊन तळवलीत आली.

"बाळ कुठंय?"

"मीच हाय."

अक्षताने मोबाईल पाहिला, मग राजाबाईंकडे. "मावशी, डोस दिल्याशिवाय माझं काम पूर्ण दाखवत नाही."

राजाबाईंनी निमूट तोंड उघडलं. थेंब कडू लागले.

"आता आईची सही."

राजाबाईंनी उलव्याला फोन लावला. दुसऱ्या राजाबाई दुपारी रिक्षाने आल्या, 'आई'पुढे सही केली आणि पिशवीतून गूळ काढून लेकीच्या हातावर ठेवला.

"मोठा खडा दे ना," लेक म्हणाली.