खिळ्यावरची फुली

"आजी, इथली फुली कुठे गेली?"

सुरभी अंगणातल्या काळ्या खडकावर गुडघे टेकून बसली होती. एक डोळा मिटून ती भिंगातून खडकात ठोकलेल्या पितळी खिळ्याकडे पाहत होती. कोकिळाबाई हातात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"कोणती फुली व माय?"

"खिळ्याच्या डोक्यावर मधोमध कोरलेली असते. केसाएवढी बारीक. ती दिसत नाहीये. यावर कोणी काही घासलं का?"

"म्या घासतो ना!" कोकिळाबाईंचा चेहरा फुलला. "देवाच्या भांड्यासंगंच घासतो. चिंच अन् इटेची भुकटी. पाह्य ना, कसा सोन्यावानी चमकून राह्यला!"

ड्रायव्हर मोतीलाल गाडीतून तिपाई काढत होता. तो तसाच थांबला. सुरभीने खिळ्यावरून बोट फिरवलं. रुपयाएवढं ते पितळेचं डोकं गुळगुळीत होतं. त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं असावं, कारण तिने मान बाजूला केली.

"मधुकरराव नाई आले?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"सर रिटायर झाले, आजी. आता मी येणार."

"ये बापा. कोणीबी या, पण या. तुम्ही येता म्हणून त मी हाय इथं. नाई त पोरगी कवाचीच घेऊन गेली असती पुलगावले."

सुरभीने चहाचा कप घेतला. पण बराच वेळ तो तिने ओठाला लावला नाही.

हा खिळा ठोकला तेव्हा कोकिळाबाईंचे यजमान प्रभाकरराव होते. आंजी गावाच्या कडेला त्यांचं घर आणि घरामागे वांगी, मेथी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर यांची वाडी. अंगणात मात्र हा खडक. त्यावर काही उगवत नसे. प्रभाकरराव त्याला शिव्या देत आणि कोकिळाबाई त्यावर मिरच्या वाळवत. एक दिवस सरकारी जीपमधून मधुकरराव आले. त्यांनी खडकावर हातोडी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "वहिनी, गावात एवढाच दगड खालपर्यंत गेलेला आहे. आम्हाला हाच हवा."

खिळा कशासाठी, हे त्यांनी समजावून सांगितलं होतं. प्रभाकरराव तेव्हा बाजेवर बसले होते. मधुकरराव म्हणाले, "या बाजेची सुतळी ओढून घट्ट केली, तर ताण काही डोळ्यांना दिसत नाही. पण बाजेचे पाय केसभर जवळ येतात. ते अंतर मोजलं की सुतळीत किती ताण आहे ते कळतं. जमिनीचंही तसंच आहे. गावोगाव खिळे ठोकायचे, दरवर्षी मोजायचं, आणि जमिनीच्या पोटात कुठे किती ताण साठतो आहे त्याचा नकाशा काढायचा."

"अन् सुतळी तुटली त?" प्रभाकररावांनी विचारलं.

"मग भूकंप."

प्रभाकरराव बाजेवरून हळूच उठले. ते पाहून कोकिळाबाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

मधुकररावांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा खिळा, हे अंगण, सगळा देशच दर वर्षी दोन-तीन बोटं ईशान्येकडे सरकतो. सगळं मिळून सरकतं म्हणून कोणाला कळत नाही. ही बातमी गावभर झाली. आंजीहून ईशान्येला नागपूर. तेव्हापासून शेजारचा लहानू गाई घेऊन निघाला की कुंपणावरून विचारायचा, "काय काकू, पोहोचला का तुहा खिळा नागपूरले?"

"तू चाल पुढं, तो येते मांगून," कोकिळाबाई म्हणायच्या.

दर वर्षी मार्गशीर्षात, तुरी फुलावर असताना, गाडी यायची. खिळ्यावर तिपाई, तिपाईवर पांढरी तबकडी, खाली पिवळा डबा. तबकडी आकाशातल्या उपग्रहांचं ऐकायची आणि डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. तीन दिवस हे असंच ठेवायचं. तिपाईला कोणाचा धक्का लागू द्यायचा नाही, कुत्रं नको, कोंबडी नको. साहेब लोक मुक्कामाला वर्ध्याला जात. राखण कोकिळाबाईंची.

प्रभाकरराव गेले, त्या वर्षी गाडी आली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मधुकररावांनी दारातूनच हात जोडले आणि म्हणाले, नंतर येतो. कोकिळाबाईंनी त्यांना परत जाऊ दिलं नाही. तिपाई उभी राहिली आणि त्या खडकाच्या कडेला जाऊन बसल्या. घरात बायका त्यांना एकदा रड म्हणत होत्या, एकदा रडू नको म्हणत होत्या. खडकाजवळ कोणी आलं नाही. तिथे नुसता दिवा लुकलुकत होता.

पुढे घर रिकामं झालं. उज्वला एकुलती एक लेक, पुलगावला दिलेली. तिचा नवरा डेपोत नोकरीला. ती दर फोनला म्हणे, "आई, एकटी काऊन राह्यते? ये इकडं."

"लेकीच्या घरी राह्यनं बरं दिसते का?"

"कोण पाह्यते आता? कारण सांगू नको."

"अन् खिळा? थे लोक आले त तिपाईपाशी कोण बसन?"

उज्वला हसायची, चिडायची. शेवटी मागच्या उन्हाळ्यात तिने आईकडून कबूल करून घेतलं होतं. खिळ्याची माणसं येतात तोवर आईने इथे राहावं. ती यायची थांबली की मात्र एक शब्द न बोलता पुलगावला यायचं. कोकिळाबाई लगेच हो म्हणाल्या होत्या. जमीन काही ताणायची थांबणार नाही, आणि माणसं काही यायची थांबणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

चहाचा कप ठेवून सुरभी गोठ्यामागे जाऊन फोनवर बराच वेळ बोलली. आली तेव्हा तिने कोकिळाबाईंकडे पाहिलं नाही.

"मोतीलाल भाऊ, तिपाई लावा."

"लावायची?" मोतीलालने विचारलं.

"लावा म्हटलं ना."

तिपाई उभी राहिली. तबकडी चढली. कोकिळाबाईंनी घाईघाईने कोंबड्या डालल्या. दुपारी त्यांनी वांग्याचं भरीत केलं, ज्वारीच्या भाकरी टाकल्या. सुरभी चांगली जेवली, पण बोलली कमी. मोतीलाल दर वर्षी भरताला हात चाटत चाटत दाद द्यायचा. आज त्याने पाणीही खाली पाहूनच प्यायलं. ऊन उतरल्यावर दोघं वर्ध्याला गेले.

कोकिळाबाई गोणपाट अंथरून खडकापाशी बसल्या. गाई परत आल्या. लहानू कुंपणापाशी थांबला.

"काय म्हणते काकू, बसला का तुहा पाहुणा?"

"बसला ना बापा. तुह्या गाई इकडून नको नेऊ, तिकडून ने."

"सरकारनं तुले बिल्ला द्याले पाह्यजे. खिळा इन्स्पेक्टर!"

"तू चाल, नाई त तुलेच ठोकतो खडकात."

लहानू हसत गेला. अंधारून आलं. कोकिळाबाईंनी डब्याकडे पाहिलं. दिवा लुकलुकत नव्हता. त्यांना वाटलं, नवं मशीन असेल. नव्या मशीनला दिवा नसेल. पण दिवा होता, त्याच जागी होता. त्यांनी डब्याला कान लावला. पूर्वी आतून बारीक गुणगुण यायची. आज डबा थंड दगडासारखा होता.

सकाळी गाडी आली, तशी सुरभी वाडीत मेथी पाहायला गेली. कोकिळाबाईंनी मोतीलालला गाठलं.

"मोतीलाल, दिवा काऊन लागून नाई राह्यला रे?"

"बॅटरी डाऊन असन, काकू."

"माह्याकडं पाहून सांग."

मोतीलालने टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"काकू, मॅडमनं चालूच नाई केली मशीन. नागपूरहून सांगतलं, निशाणी मिटली, पॉइंट बंद करा अन् पुढच्या गावाले जा. पण तुमी इतकं सारं करून ठेवलं... मॅडमची हिंमत नाई झाली. म्हणे, तीन दिवस राहू दे. आजीले बरं वाटन."

कोकिळाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या.

"म्या घासला म्हणून मिटली?"

"आता असं आहे काकू..." मोतीलाल अडखळला. "मोठे सायेब बी दोन वर्षापासून चष्मा काढून काढून फुली शोधत होते. अंदाजानंच बसवली त्याइनं तिपाई. तुमाले बोलले नाई."

कोकिळाबाईंना आठवलं. गेली दोन वर्षं तिपाई लावायच्या वेळेला मधुकरराव म्हणत, वहिनी, अजून एक कप चहा होईल का? आणि त्या आत जात.

खिळा स्वच्छ ठेवायला मधुकररावांनीच सांगितलं होतं. पहिल्या पावसाळ्यानंतर तो हिरवा पडला, तेव्हा ते सहज म्हणाले होते, "वहिनी, जरा पुसत जा." पुसून पितळ कुठे निघतं? कोकिळाबाईंच्या घरात पितळ घासतात. देवाची घंटा, ताम्हण, निरांजन आणि खिळा. प्रभाकरराव गेल्यावर तर त्या घंटेपेक्षा खिळ्यालाच जास्त वेळ घासत. सकाळचा तेवढा वेळ बरा जायचा.

सुरभी वाडीतून आली. मोतीलालचा चेहरा पाहून तिला कळलं. ती कोकिळाबाईंच्या खालच्या पायरीवर येऊन बसली.

"आजी, रागावल्या?"

"मले एक सांग. फुली नसली त काय होते? खिळा त तिथंच हाय."

"खिळा आहे. पण दोन गावांमधलं अंतर वर्षभरात केसभर बदलतं, तेच आम्ही मोजतो. फुली नसली तर तिपाई केसभर इकडे लागते, नाहीतर तिकडे. मग जमीन सरकली की तिपाई, ते सांगता येत नाही."

"मंग नवी फुली कोर."

"कोरता येईल. पण ते पुन्हा पहिल्यापासून. काही कळायलाच आठ-दहा वर्षं जातात. आणि आता वर्ध्याला छपरावर कायमचं मशीन बसवलंय. ते आपलं आपण मोजतं. तिथे माणूस लागत नाही."

"म्हणजे अठरा वर्षांची राखण माह्या हातानं पुसली गेली."

"नाही आजी. शेवटची दोन वर्षं सोडली तर सगळं पक्कं आहे." तिने मोबाईल काढला. पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर जागोजागी, जमीन कुठे सरकते ते दाखवणारे लहान लहान बाण. "हा बघा, आंजी. हा तुमचा बाण. हा आता नकाशातून जात नाही."

कोकिळाबाईंनी मोबाईल हातात घेतला. बाण मेथीच्या बीएवढा होता. त्यांनी त्याला बोट लावलं, तसा नकाशा एकदम सरकला आणि त्या दचकल्या.

"राहू द्या, काही होत नाही," सुरभी म्हणाली.

"पुलगाव कुठं हाय याच्यात?"

सुरभीने दाखवलं. तिथे नुसतं नाव होतं.

"इथं बाण नाई?"

"नाही. तिथे आपला खिळा नाही."

कोकिळाबाईंनी मोबाईल परत दिला. मग त्या उठल्या आणि तिपाईकडे हात केला.

"काढ हे."

"आजी, राहू द्या ना तीन दिवस. मी साहेबांना सांगितलंय, गाडी नादुरुस्त आहे म्हणून."

"माह्यासाठी खोटं बोलली? चांगली पोरगी हायेस तू. पण काढ. बंद मशीनची राखण मी नाई करत."

"कोणाला कळणार नाही, आजी."

"मले कळलं ना."

मोतीलालने तिपाईचे पाय मिटले. तबकडी खोक्यात गेली. कोकिळाबाईंनी गाडीत वांगी आणि सांभाराची जुडी ठेवली. सुरभीने वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला.

"मधुकररावले सांगजो, वहिनी रागावल्या नाई. आले इकडं त चहा प्यायले या म्हणा. दुसरा कप बी भेटन."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

दुपारी उज्वलाचा फोन आला.

"आले होते का वो आई खिळ्यावाले?"

आले होते, हे खरंच होतं. एवढंच सांगितलं असतं तर पुढचं एक वर्ष कोणी काही विचारलं नसतं.

"आलते," त्या म्हणाल्या. "आता नाई येनार."

इतकी वर्षं बोलावूनही हे ऐकायची उज्वलाची तयारीच नव्हती.

"मंग... घ्यायले येऊ?"

"ये. पण वांगे निघून जाऊ दे. झाडावर माल हाय."

"आई, रडून राह्यली का?"

"नाई व. सर्दी हाय. ठेव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी चिंच भिजत घातली. देवाची भांडी घासली, धुतली, उन्हात पालथी घातली. वाटीत थोडी चिंच उरली. ती घेऊन त्या खडकापाशी गेल्या. कोंबड्यांनी घाण करू नये म्हणून एरवी खिळ्यावर झाकलेलं असे ते टोपलं आणि टोपल्यावरचा दगड बाजूला केला. खिळा चमकत होता. त्यांनी चिंच मेथीच्या वाफ्यात टाकली, तांब्यातलं साधं पाणी खिळ्यावर ओतलं आणि पदराने टिपून घेतलं. रात्रीच्या दवाने तो हळूहळू काळा पडेल, मग हिरवा.

टोपलं त्यांनी पुन्हा झाकलं नाही. ते घेऊन त्या वांगी तोडायला निघाल्या.

कुंपणापाशी जाऊन मागे पाहिलं, तर तांबडी कोंबडी खडकावर चढली होती. ती दोन पावलं चालली, थांबली, आणि खिळ्यावर पाय ठेवून उभी राहिली. कोकिळाबाईंचा हात सवयीने वर गेला. ओठांवर हुश आलं.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि टोपलं कमरेवर ठेवून वाडीत शिरल्या.