प्रवासाची सही

दत्तात्रयकाका माझ्या ऑफिसात शिरले तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. तो तसाच बंद केला. अठरा वर्षं ज्या माणसाची वाट पाहिली, त्याच्यासमोर बटाट्याची भाजी खात बसणं बरं दिसलं नसतं.

वाट पाहिली म्हणजे आमची भेट होत नव्हती असं नाही. कोलकात्यात आम्ही मराठी माणसं ती किती! मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाला काका दिसायचेच, आणि मी लांबून हात जोडून बाजूला व्हायचे. मी वाट पाहत होते ती ते माझ्याकडे काहीतरी मागायला येण्याची. आज ते आले होते. बरोबर थोरल्या मुलाची मुलगी मानसी आणि काखेत निळी फाइल.

"आभा, पाच मिनिटांचं काम आहे गं," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "मानसीचं सोमवारी विमान आहे. हल्ली तिकडे फार कडक झालंय म्हणतात. कागद लावलेत मी सगळे, पण तू एकदा बघ. सह्याबिह्या नीट बघ."

सह्याबिह्या! मला शिकवत होते. कॅमॅक स्ट्रीटच्या या ऑफिसात बारा वर्षं मी हेच काम करते. परदेशात शिकणारी मुलं सुट्टीला घरी येतात; परत जाताना तिकडच्या विमानतळावर त्यांना कुणी अडवू नये म्हणून त्यांचे कागद तपासून द्यायचे. पासपोर्ट, व्हिसा, फीच्या पावत्या, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे कॉलेजनं दिलेला आय-ट्वेंटी नावाचा दाखला. अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा जीव त्या दाखल्यात असतो.

काकांनी फाइल उघडली आणि मला हसू आलं. प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला. गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात नोकरीला होते तेव्हाच काकांनी हौसेनं लॅमिनेशनचं मशीन घेतलं होतं. मंडळातल्या एकूण एक मुलाची मार्कशीट, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड त्यांनी त्यात घालून काढलंय. आमच्यात एक विचित्र खोड आहे. रिझर्व्हेशन असो, शाळेचा प्रवेश असो की व्हिसा, ज्यांना विचारायला हवं त्यांना कुणी विचारत नाही. काकांना विचारतात. काका सांगतात, आणि कागद लॅमिनेट करून देतात.

माझाही दिला होता. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि अमेरिकेत संख्याशास्त्र शिकत होते. साखरपुड्यासाठी घरी यायचं ठरलं. विद्यार्थ्याला अमेरिकेबाहेर जाऊन परत यायचं असेल तर आय-ट्वेंटीच्या दुसऱ्या पानावर कॉलेजची प्रवासाची सही लागते. ती वर्षभर चालते. पण माझा कागद प्लास्टिकमध्ये बंद, त्यावर पेन चालेना. नवा कागद काढायला आठवडा लागणार होता. मी काकांना फोन केला. "काही लागत नाही गं ती सही," काका म्हणाले. "आमचा चिन्मय दोनदा येऊन गेला, कुणी विचारलंसुद्धा नाही." चिन्मय त्यांचा धाकटा मुलगा, अमेरिकेतच असतो. मी बिनधास्त आले, साखरपुडा केला, आणि परत गेले ती विमानतळावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत.

अशा वेळी कधीकधी तीस दिवसांची मुदत देऊन आत सोडतात. सगळं समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. मला नाही सोडलं. सात तास बसवून ठेवलं आणि परतीच्या विमानात घातलं. पुढे व्हिसा दोनदा नाकारला, शिक्षण अर्धवट राहिलं.

तेही मी गिळलं असतं. चूक कुणाचीही होते. पण मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी मंडळाच्या तिळगुळाला माझ्या आईबाबांसमोर काका म्हणाले, "उगाच कोण कुणाला परत पाठवतं? पोरीचं तिकडे काहीतरी झालं असणार." एवढंच. पुढचं लोकांनी आपापल्या वकुबाप्रमाणे रचलं. महिन्याभरात लग्न मोडलं. काकांच्याच ऑफिसात नोकरीला असलेले माझे बाबा त्यानंतर मंडळात मागच्या रांगेत बसू लागले आणि मरेपर्यंत तिथेच बसले. ते मी विसरलेले नाही. विसरायची इच्छाही नाही.

तर आता मानसीचा आय-ट्वेंटी माझ्या हातात होता. पहिल्या पानावर कॉलेजची सही होती. ती पाहून लोक निश्चिंत होतात. मी पान उलटलं. दुसरं पान कोरं. मुलगी दोन वर्षांनी पहिल्यांदाच घरी आली होती, तीही आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी. प्रवासाची सही तिनं कधी घेतलीच नव्हती. घेणार कशी? प्लास्टिक होतं ना वर.

खरं सांगते, मला आनंद झाला. अगदी पोटातून झाला.

माझ्याकडे तपासणीची एक यादी असते, अकरा चौकोनांची. दहा चौकोनांत मी बरोबरच्या खुणा केल्या. "प्रवासाची सही" हा चौकोन रिकामा ठेवला, यादी घडी घालून फाइलमध्ये सरकवली आणि म्हटलं, "छान लावलेत कागद, काका." खोटं एक अक्षरही बोलले नाही. तिळगुळाच्या दिवशी काका तरी कुठे खोटं बोलले होते?

"हुश्श!" काका म्हणाले. "आता मी निर्धास्त. रविवारी ये हं नक्की. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळणार आहेत मला."

मानसी मात्र माझ्याकडे बघत होती. बारीक चणीची, चष्मा लावणारी मुलगी. निघताना तिनं वाकून नमस्कार केला. मी "सुखी राहा" म्हणाले आणि माझं मलाच कसंतरी झालं. पण डबा मी पुरता संपवला.

तो शुक्रवार होता. आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडच्या कॉलेजचं ऑफिस उघडतं, आणि त्या दिवशी बंद झालं की थेट सोमवारी. हल्ली कॉलेजं सही केलेला नवा दाखला ईमेलनं पाठवतात, तासाभराचं काम. म्हणजे मानसीला वाचवायचं तर तेवढी एक संध्याकाळ होती. बसमध्ये, घरी कुकर लावताना, आईला औषध देताना मी घड्याळ बघत होते. साडेसात वाजले. त्यांचं ऑफिस उघडलं असेल. काकांना विमानतळावरून फोन येईल तेव्हा त्यांचं तोंड कसं होईल, हे मी दहा वेळा मनात रंगवलं. मंडळात मी काय म्हणेन तेही ठरलं होतं: उगाच कोण कुणाला परत पाठवतं? मधूनच ती बिनखिडकीची खोली आठवायची. तिथे मी चष्मेवाल्या मुलीला बसवू पाहायचे आणि दरवेळी तिथे मीच बसलेली दिसायचे.

आठला फोन वाजला.

"आभामावशी, मी मानसी. सॉरी हं. ती लिस्ट पाहिली. एक बॉक्स रिकामा आहे. ट्रॅव्हल सिग्नेचर. ते राहिलं, की मला लागत नाही?"

"लागत नाही" म्हटलं असतं तर संपलं होतं. दोन शब्द. काकांनी मला सांगितले होते तेच. ते माझ्या जिभेवर आले होते, आणि मला त्यांची चव आवडली नाही.

"अगं, बरं झालं तू फोन केलास," मी म्हटलं. "मीच आता करणार होते. लगेच कॉलेजच्या ऑफिसला फोन लाव आणि ईमेलही कर. सोमवारी निघतेय म्हणावं, सही केलेला नवा आय-ट्वेंटी आजच पाठवा. आला की साध्या कागदावर छाप. आणि मानसी, आजोबांना सांगू नकोस. मी सांगेन त्यांना."

सव्वादहाला तिचा मेसेज आला: मिळाला. मी गादीवर पडले. सूड हातचा गेला नव्हता. उलट आता तो जास्त चांगला झाला होता. मुलगी सुटली, आता फक्त काका उरले.

रविवारी मंडळाचा हॉल भरला होता. पाच सवाष्णींनी काकांना ओवाळलं. त्यात मी नव्हते, असण्याचा प्रश्नही नव्हता. मग काका बोलायला उभे राहिले. रेल्वे झाली, मंडळ झालं, लॅमिनेशनचं मशीन झालं, सगळे हसले. "आणि आमची मानसी उद्या चालली. तिचे कागद आपल्या आभानं तपासले. सगळे चोख."

"चोख नव्हते, काका," मी मागच्या रांगेतून म्हटलं. बाबा बसायचे तीच रांग मी मुद्दाम निवडली होती. पुढे गेले, शेवटची तपासणी म्हणून मानसीला आणायला सांगितलेल्या फाइलमधून तो लॅमिनेट केलेला दाखला घेतला आणि कोरं पान सगळ्यांकडे वळवून धरलं. "इथे कॉलेजची सही लागते. तुम्ही प्लास्टिक चढवलंत, म्हणून झाली नाही. मानसी उद्या निघून तशीच परत आली असती. अठरा वर्षांपूर्वी मी अशीच परत आले होते. तुमच्याच सल्ल्यानं, तुमच्याच प्लास्टिकमुळे. आणि तुम्ही इथे, याच हॉलमध्ये, माझ्या आईबाबांना म्हणालात की पोरीचं तिकडे काहीतरी झालं असणार. आता सांगा सगळ्यांना, काय झालं होतं माझं तिकडे?"

दिव्यांचं ताट अजून जळत होतं, ते कुणीतरी बाजूला घेतलं. काका खाली बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी मनात रंगवलेला त्यापुढे काहीच नव्हता.

"सहीच नव्हती," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण पहिल्या रांगांना नीट ऐकू गेलं. "तू परत आलीस त्याच आठवड्यात चिन्मयनं सांगितलं होतं मला. मला माहीत होतं. माझी चूक सांगायची लाज वाटली गं." मग त्यांनी वर पाहिलं. "म्हणून तर हिला तुझ्याकडे आणलं. मला त्यातलं काही कळत नाही. म्हटलं, त्या सहीपायी जिचं सगळं गेलं, तिच्या नजरेतून ती सुटायची नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. बाबांच्या वयाचे दोघेतिघे मान खाली घालून बसले. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, मागितलं त्यापेक्षा जास्तच. मी ताठ चालत बाहेर चपलांपाशी आले. बाबा असायला हवे होते, असं फार वाटलं.

मानसी मागून आली. उद्या जायचं म्हणून ती सकाळपासून सगळ्या मोठ्यांना नमस्कार करत फिरत होती. माझ्यासमोर येऊन ती थांबली.

"मावशी, आजोबांनी केलं ते वाईटच होतं," ती म्हणाली. "पण मला एक सांगा. शुक्रवारी मी फोन केला नसता, तर तुम्ही खरंच करणार होतात?"

हो म्हणणं सोपं होतं. एकदा म्हणून झालंच होतं.

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. माझ्या हातात अजून तो प्लास्टिकमधला कागद होता, तो तिनं हलकेच काढून घेतला. ती वाकली नाही. आतून काकांनी तिला हाक मारली, तशी ती त्यांना हात द्यायला वळली आणि आत गेली.