जाळ्यातली मुकी गाठ

मंत्र येतो म्हणून मिरवणाऱ्या माणसाला मी आता दारात उभं करत नाही. मीही तसाच मिरवायचो, म्हणून सांगतो.

आमच्या भागात तेव्हा प्रत्येक गावात एक-दोन जाणते असायचेच, जसा सुतार असतो, न्हावी असतो. मोठे जाणते गारपीट परतवत, सापाचं विष उतरवत. माझे गुरू श्यामराव आंधळगावचे. त्यांच्याकडे बारा वर्षं राहायची रीत होती. मी एका पावसाळ्यातच कंटाळून घरी आलो. तेवढ्यात जी विद्या हाती लागली ती सगळ्यांत बारकी, शिकाऊ पोरांची. तिला मुकी गाठ म्हणतात. समोरच्याकडे बघत, मनात मंत्र म्हणत दोऱ्याला गाठ मारली की त्याचा आवाज त्या गाठीत अडकतो. गाठ सोडली की परत येतो. दोरा कापला किंवा जाळला, तर मात्र आवाज कायमचा गेला. लग्नाच्या वरातीवर भुंकणारी कुत्री, देवळात बडबडणारा दारुडा, असल्या कामांना लोक मला बोलवायचे आणि मागे हसायचेही, की आसाराम म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा.

श्यामरावांची ताकीद एकच होती. गाठ मारायची ती आपल्या कमरेच्या करदोड्यात, दुसऱ्या कुठल्याच दोऱ्यात नाही. अंगावरची गाठ माणूस विसरत नाही. गावालाही हे ठाऊक होतं. कुणाची वाचा अचानक गेली की लोक आधी जाणत्याला धरत आणि त्याचा करदोडा बघत.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तलाव आमच्या मासेमार सोसायटीचा. सोसायटी ठरवेल त्या दिवशी सगळ्यांनी मिळून जाळी टाकायची, त्याआधी तलाव बंद. बंद तलावात जाळं टाकणाऱ्या गड्याचं नाव सोसायटीतून कायमचं कटायचं. त्या वर्षी तलाव उघडायला दहा दिवस असताना माझा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा, जमुनेचा भाऊ धनीराम, पाहुणा म्हणून आला. मासे धरणाऱ्याच्या घरी पाहुण्याला वांग्याची भाजी वाढायची? मला लाज वाटली. भर दुपारी गाव झोपलेलं असताना मी जाळं टाकलं आणि दोन मोठे मासे घेऊन आलो. जमुनेने काही न विचारता रांधले. धनीराम बोटं चाटत जेवला.

काठावर कुणाला तरी खवले सापडले. सोसायटीतल्याच सेवकरामचं जाळं त्या दिवशी ओलं होतं, तो ते धुवायला काढून बसला होता एवढंच. आळ त्याच्यावर आला. त्याच्या बायकोने, रुखमिणीने, दारोदार जाऊन सांगितलं, कुणी ऐकेना.

सोसायटीचे अध्यक्ष पुंडलिकराव चार माणसं घेऊन आमच्या अंगणात आले. जमुना खोटं बोलत नाही ही साऱ्या गावाची खात्री. तिने काही पाहिलं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी ओट्यावर जुनं जाळं मांडीवर घेऊन त्याची भोकं सांधत होतो. जमुना दाराशी उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पुंडलिकभाऊ, सेवकरामदादाले सोडा. त्यायनं नाही धरले ते मासे. ते त..."

माझ्या हातात सुतळी नव्हती, करदोडा नव्हता. होता तो जाळ्याचा दोरा. हात चालूच होते. मी तिच्याकडे बघितलं आणि हातातली गाठ मंत्रासकट आवळली.

तिचं तोंड उघडंच राहिलं. ती माझ्याकडे वळली. मग पुंडलिकरावांकडे बघून हाताच्या तळव्याने स्वतःच्या छातीवर मारू लागली, पुन्हा पुन्हा. लोक घाबरले. श्वास अडकला म्हणून कुणी पाणी आणलं, कुणी पाठ चोळली. मलाही वाटलं, ती घुसमटते आहे. माझे हात मात्र थांबले नाहीत. जाळं सांधणाऱ्याचे हात थांबत नाहीत, तीच तर खोड. या भोकाकडून त्या भोकाकडे मी गाठी मारत राहिलो.

पुंडलिकरावांना शंका आली. त्यांनी मला उभं करून धोतर सैल करायला लावलं आणि करदोडा बोटांनी चाचपला. एकही गाठ नव्हती. मग कुणीतरी म्हणालं, की सेवकरामसाठी खोटं बोलायला निघाली म्हणून तलावावरच्या देवीने वाचा नेली. सगळ्यांना ते पटलं. मी मान हलवली. त्या मानेची आज मला किळस येते.

सेवकरामचं नाव कटलं. रुखमिणीला आणि गाठोड्याला घेऊन तो लाखांदूरच्या एसटीत बसला, तेव्हा मी स्टँडकडे गेलो नाही. तो गेला की गाठ सोडायची असं मी ठरवलं होतं. जुनं जाळं झाडाच्या सालीच्या रंगाने तपकिरी, नवा दोरा पांढरा. त्या पांढऱ्या गाठी मोजक्याच, एका बैठकीत सुटल्या असत्या.

पण तलाव उघडण्याआधी सगळ्या घरांची जाळी एकाच कढईत ऐनाच्या सालीत उकळायची आमची रीत आहे. त्याने दोरा कुजत नाही. पोरं घरोघर जाळी गोळा करत आली आणि माझंही खांद्यावर टाकून चालू लागली. थांबा म्हणालो असतो, तर काहून म्हणून विचारलं असतं. संध्याकाळी जाळं परत आलं तेव्हा जुना-नवा दोरा एका रंगाचा झाला होता आणि गाठी हरभऱ्यासारख्या टणक.

तेव्हापासून मी गाठी सोडत राहिलो. बाभळीचा काटा घालून एक गाठ सैल करायची, जमुनेकडे बघायचं, पुन्हा बांधायची. दिवसाला पाच, कधी सात. बोटं सोलली, नखं गेली. त्याच जाळ्यावर पोट, म्हणून ते पाण्यातही जायचं, फाटायचं, सांधावं लागायचं. सोडलेली कोणती आणि राहिलेली कोणती, हे दर पावसाळ्यानंतर मी पुन्हा विसरून जायचो.

जमुनेला सगळं ठाऊक होतं. ती माझ्या ताटात वाढायची, माझं धोतर धुवायची, पण त्या दिवसाबद्दल तिने मला एक खूणही केली नाही. दुकानात बोट दाखवून मीठ घ्यायची. आमची शकुन आठ वर्षांची होती; आईच्या हाका न ऐकता वाढली. तिच्या लग्नात बाया गाणी म्हणत होत्या आणि जमुना त्यांच्यात बसून नुसते ओठ हलवत होती. ते मी मांडवाच्या खांबाआडून पाहिलं आणि गोठ्यात जाऊन रडलो. त्र्याऐंशीत बातमी आली, की सेवकराम लाखांदूरला दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीच्या मजुरीवर असताना वारला. जाळ्याला त्याने पुन्हा हात लावला नव्हता म्हणे.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी, कडेच्या शिशाच्या गोळ्यांजवळची एक गाठ काट्याने सैल झाली. आतून पांढरा धागा निघाला. घरातून आवाज आला. अकरा वर्षांपूर्वीचा, तरण्या जमुनेचा, भरभर बोलणारा.

"...म्याच धरले, भाऊ. काठाकाठानं, टोपलीनं. माहा भाऊ आला होता. काय नारळ असन तो सांगा, आणून देतो."

माझ्या हातातून काटा पडला. बाईने काठावर टोपलीने मासे धरले तर त्याला सोसायटीत चोरी म्हणत नाहीत. देवीपुढे एक नारळ फोडायचा, संपलं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ती छातीवर हात मारत होती ती घुसमटून नव्हे. मी, मी, असं सांगत होती. जन्मात एकदाच खोटं बोलायला निघाली होती, आणि त्यात सेवकरामही वाचत होता, मीही.

ती दारात आली. आता आवाज आजचा होता, गंजलेला.

"तुमाले वाटलं, म्या तुमचं नाव घेऊन राहिली होती?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मग आत जाऊन तिने लुगडं बदललं, दुकानात गेली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंडाने मागून एक नारळ घेतला. दुकानदाराच्या हातातलं माप खाली पडलं, असं लोक सांगतात. ती लाखांदूरच्या एसटीत बसली, रुखमिणीकडे जायला.

संध्याकाळच्या गाडीने ती आली नाही. दुसऱ्या दिवशीच्याही नाही. चौथ्या दिवशी मी पुंडलिकरावांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते आता थकले आहेत, खाटेवरच असतात. त्यांनी ऐकून घेतलं, करदोड्याचं आठवून मान हलवली आणि म्हणाले, "एका नारळाची गोष्ट होती, आसाराम."

जाळं मी ओट्यावर तसंच ठेवलं आहे. लाखांदूरची गाडी साडेपाचला येते. मी स्टँडवर जातो, उतरणारी माणसं बघतो आणि परत येतो.