काहिलीतून अंदमान

आमच्या गावात आकाराम हवालदाराला हवालदार कुणी म्हणत नसे, अंदमानवाले म्हणत. परगावचा पाहुणा एस्टीतून उतरला की स्टँडवरच विचारायचा, "अंदमानवाल्यांचं घर कुठं?" आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

का व्हायचा ते सांगतो. हा आकारामअण्णा पेन्शनीवर येण्याआधी पिंपळाच्या पारावर संध्याकाळी माणसं माझं ऐकायला बसत. मी गुंडा, सातवी पास. गुळाच्या गाड्या घेऊन सांगलीच्या पेठेत जाणारा, चार गावचं पाणी प्यालेला. गावात भूगोल म्हणून जो काही होता तो माझ्याकडे होता. आणि हा गडी आला, पारावर बसला, मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "आमी बेटावर हुतो तवा..." झालं! निळं पाणी, पांढरी वाळू, वाकून बघितलं तर तळाशी फिरणारे रंगीत मासे. नारळ तर इतके, की वाटेनं जाताना डोकं सांभाळावं लागायचं म्हणे. लोक आ वासून ऐकायचे. मी हळदीचा भाव सांगायला तोंड उघडलं की म्हणायचे, "गुंडा, दमानं घे रं, मासं ऐकू दे."

मला पहिल्यापासून संशय होता. आमचं गाव कृष्णाकाठचं. इथलं शेंबडं पोरगंसुद्धा डोहात उडी टाकतं. अण्णा मात्र काठाला घोटाभर पाण्यात उभा राहून तांब्यानं अंघोळ करायचा. दोन वर्षं बेटावर काढलेला माणूस पाण्याला इतका बिचकतो?

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. दिवाळी संपली होती, गुऱ्हाळ सुरू व्हायला अजून अवकाश होता आणि माझी काहील भिंतीला टेकून रिकामी पडली होती. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची आमची भली थोरली लोखंडी कढई, चार माणसं मांडी घालून बसतील एवढी. नदीला पाणी चढलं आणि नाव मिळाली नाही की आम्ही तिच्यातच बसून पैलतीर गाठतो. त्या काहिलीकडे बघता बघता मला अण्णाला खिंडीत गाठायची युक्ती सुचली.

संध्याकाळी पारावर अण्णाचे मासे नुकतेच पाण्यात सुटले होते. मी मध्येच म्हणालो, "अण्णा, पूर वसरलाय. आपल्या नदीतबी तीन बेटं उघडी पडल्यात. माझी काहील हाय. उद्या आमाला फिरवून आणा की!"

अण्णाच्या मिशीचा पीळ सुटला. "आरं, समिंदर कुठं आन् आपला वढा कुठं."

"मग तर तुमाला सोपंच की. तिन्ही बेटं न भिता फिरलासा तर ह्याच पारावर मी तुमाला माझ्या तोंडानं अंदमानवाले म्हणीन. भ्यालासा, तर तुमी हितंच सगळ्यांम्होरं सांगायचं, मी अंदमान बघितलंच न्हाई म्हणून."

अण्णानं खोकून बघितलं, गुडघा धरून बघितला. काहीतरी सबब सांगून तो सुटणारही होता. तेवढ्यात समोरच्या दुकानातून त्याची बायको, राहीवैनी, बाहेर आली. तिच्या हातात पिशवी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"मीबी येनार," ती म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं बेटं नुसती ऐकत आले. एकदा बघू तरी द्या."

आता बायकोपुढं माघार कशी घ्यायची? अण्णा हो म्हणाला, पण आवाज पार तळातून आला.

सकाळी मी काहील पाण्यात सोडली. अण्णा लष्करातली खाकी हाफपँट घालून आला होता. डोक्याला हॅट. हॅट कुठून पैदा केली देव जाणे. वैनीनं दशम्या, खर्डा आणि कांदे फडक्यात बांधून आणले होते. मी कळकाचा लांब वासा घेऊन पाणी रेटायला लागलो.

काहिलीला पुढं-मागं असं काही नसतं. ती पुढं जाता जाता स्वतःभोवती गरागरा फिरते. पहिली गिरकी बसली तसं अण्णानं दोन्ही हातांनी काठ धरले आणि डोळे मिटले.

"काय अण्णा, भ्यालासा?"

"वाऱ्याचा अंदाज घेतोय," तो डोळे न उघडता म्हणाला.

वैनी मात्र काष्टा खोचून घरच्या ओसरीवर बसावं तशी बसली होती. एक हात पाण्यात सोडलेला. मला तेव्हा काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष अण्णाच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांवर होतं.

पहिलं बेट म्हणजे वाळूची एक पाठ. आमच्या आधीच तिथं एक म्हैस येऊन बसली होती आणि ती आमच्याकडे अशी बघत होती, की जागेचं भाडं मागते की काय. वैनीनं चारी बाजूंनी पाणी बघितलं, दोन गुळगुळीत गोटे उचलून ओच्यात टाकले आणि नवऱ्याला विचारलं, "आवं, बेटावर करायचं काय असतंय?"

"काय करायचं नसतंय," अण्णा म्हणाला. जमिनीला पाय लागल्यावर त्याला जरा कंठ फुटला होता. "नुसतं बसायचं."

"मग तुमी घरीबी बेटावरच असता की!" वैनी म्हणाली आणि इतकी हसली, की म्हैस उठून उभी राहिली.

दुसऱ्या बेटावर बाभळी होत्या. त्याच्या आणि काठाच्या मध्ये पाणी अडून राहिलं होतं, संथ आणि हिरवं, तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ. मासेही होते. रंगीत नव्हते, पण होते. काहील काठाला लागली आणि मी बघतो तर काय, एका बाभळीला नारळ लटकत होता! सोललेला, शेंडी राखलेला, लुगड्याच्या चिंधीनं बांधलेला.

मी पोट धरून हसलो. "अण्णा! अंदमानात झाडाला सोललेलं नारळ लागत्यात व्हय?"

अण्णा माझ्यापेक्षा जास्त चकित झालेला. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. वैनीच म्हणाली, "तितली माकडं सोलून ठेवत्यात. ह्यांनीच सांगिटलंय मला."

"मी?" अण्णा म्हणाला.

"तुमीच," वैनी म्हणाली, आणि नारळ राहू दे म्हणून पुन्हा काहिलीत जाऊन बसली.

तिसरं बेट सगळ्यांत मोठं. त्याच्या मधोमध कळकाचं दाट बेट होतं. आमच्याकडे बांबूच्या जाळीलाही बेटच म्हणतात, म्हणजे बेटावर बेट. वाटेत पाण्याला ओढ होती. काहील अशी गरगरली, की अण्णानं डोळ्यांबरोबर तोंडही मिटलं आणि नाकानंच देवाचं नाव घेतलं. पैज मी जिंकल्यातच जमा होती. संध्याकाळी पारावर काय काय बोलायचं, ते मी मनात जुळवायलाही लागलो.

पण उतरल्यावर नवल झालं. अण्णा सरळ कळकांत शिरला आणि माणूसच बदलला. बुंध्यावर थाप मारून आवाज ऐकू लागला. "ह्यो कवळा हाय. ह्यो तीन वर्साचा, ह्याची झोपडी धा पावसाळं टिकल." हॅट काढून त्यानं कळकाला अडकवली. वाऱ्यानं शेंडे करकरले तसा तो मान वर करून हसला. "लय दिसांनी ऐकलं ह्ये. पहारा करताना पयला म्हैनाभर झोपच न्हवती मला. बेटात वारं शिरलं की वाटायचं, कोन तरी कन्हतंय."

मी कान टवकारले.

"अण्णा," मी म्हणालो, "बेटात का बेटावर?"

तो थांबला. प्रश्न एवढ्याशा प्रत्ययाचा होता, पण त्यात त्याचं सगळं अंदमान अडकलं होतं. समुद्रातल्या बेटावर माणूस पहारा देतो. बेटात देतो तो कळकाच्या.

अण्णा मटकन खाली बसला. "आसामात हुतो गड्या," तो म्हणाला. "समिंदर म्या बघितल्याला न्हाई. पलटणीला झोपड्या बांधायला कळकं लागायची. ती राखायची. हत्ती येत खायला."

मला इतका आनंद झाला, की उडी मारावीशी वाटली. "मग अंदमान आलं कुठनं?"

"विट्याचा केरबा आमच्याच पलटणीत. त्यो रजेवर आला, तवा वाट वाकडी करून आमच्या आईला सांगून गेला, आकाराम बेटात हाय, मजेत हाय. आई म्हणली, कळकाच्या व्हय? तर पारावरनं एकजण वरडला, आगं म्हातारे, लष्कराचं बेट म्हंजी अंदमान, साखर वाट साखर! मी रजेवर आलो तर स्टँडवर हलगी वाजत हुती. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळ्यांना सांगत हुती, माझा लेक समिंदर वलांडून आला. तिच्या तोंडाकडं बघून माझी जीभच रेटंना. ती गेली, तवर अंदमान लय वाढलं हुतं."

"कोण त्यो पारावरचा शहाणा?" मी विचारलं.

"नाव कशाला घ्यायचं," वैनी म्हणाली. "सातवी पास हुता."

मला आठवत नव्हतं असं नाही. आठवायची गरज पडली नव्हती एवढंच. म्हातारीनं त्या दिवशी साखरेची पहिली चिमूट माझ्याच हातावर ठेवली होती.

"वैनी, तुमाला ठावं हुतं?"

"पयल्या रजेतच सांगिटलं हुतं मला. आन् त्यो नारळ मीच बांधला. पहाटं पलीकडच्या उतारातनं चालत येऊन. ह्यांचं हसं हुयाला नगं म्हणून. दुकानात सोललेलाच मिळतोय, त्याला मी काय करू?"

खरं तर तिथंच मी हात जोडायला हवे होते. पण जिंकलेली पैज सोडवेना. इतकी वर्षं पारावर मागं बसलेला माणूस होतो मी.

"त्ये सगळं खरं," मी म्हणालो, "पर पैज ती पैज. अण्णा भ्याला. पारावर सांगावं लागंल."

अण्णानं मान हलवली. "सांगतो," तो म्हणाला. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं नुसती कळकावरची हॅट काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या काठावरून बोट फिरवत बसला.

वैनी उठून काठाला गेली, वासा उचलला, काहिलीला पायानं रेटा दिला आणि आत बसली. काहील पाण्यात! आणि गंमत बघा, तिच्या हातात ती फिरेना. सरळ चालली होती.

"वैनी! आवं, कुठं निघालासा?"

"बेटं बघायला," ती तिकडून म्हणाली. "माझं माहेर नदीकाठचं, भावजी. आमच्या गुऱ्हाळाची काहील मीच हाकायची. तुमचं मिटलं की हाक मारा. आन् पवत मागं आलासा, तर मी उतरून काहील सोडून दीन. मग बसा हुडकत सांगलीच्या घाटावर."

गुऱ्हाळाच्या तोंडावर काहील घालवून घरी गेलो असतो, तर माझ्या बायकोनं, तानुबाईनं, मला दारात उभं केलं नसतं. मी वाळूत बसकण मारली. दशम्याही काहिलीतच गेल्या होत्या.

ऊन चढलं. दूर वैनी दुसऱ्या बेटाला वळसा घालत होती. मध्येच वासा आडवा टाकून नुसतीच वाहत जायची, पुन्हा उलटी यायची. वीस वर्षं दुसऱ्याचा प्रवास ऐकलेली बाई आज आपला प्रवास करत होती. तिला तशी बघून माझं मन भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"हत्तीला कसं हाकलायचा वो?" मी विचारलं.

"कशाचं हाकलतोय!" अण्णा म्हणाला. "रॉकेलचा डबा बडवायचा. पयल्या रातीला मी डबा बडवला, तर हत्तीनं डबाच काढून घेतला. सकाळी सुभेदार इचारतोय, डबा कुठाय? म्हणलं, साहेब, दुश्मन घेऊन गेला."

मी हसलो. मग दुसरी हकीकत झाली, मग तिसरी. हत्ती, जळवा, छपरावर रात्रभर पडणारा पाऊस. इतक्या वर्षांत त्या माशांवर मी कधी खिळलो नव्हतो, पण ह्या हत्तीनं मला भूक विसरायला लावली. आणि हे सगळं पोटात दाबून हा माणूस माझ्या एका चुकीला इतकी वर्षं खतपाणी घालत बसला होता. मला त्याची दया आली, आणि माझी जरा लाज.

मी उठून ओरडलो, "वैनी! मिटलं!"

ती आली ती नारळ घेऊनच. खडकावर फोडून तिनं आम्हाला खोबरं दिलं. येताना वासा तिच्याकडेच होता. अण्णानं काठ एकाच हातानं धरला होता, दुसऱ्या हातात खोबरं होतं म्हणून.

संध्याकाळी पार गच्च भरला. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. अण्णा खाली मान घालून बसलेला. त्यानं मी काय बोलणार ते विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. पलीकडे दुकानाच्या पायरीवर वैनी पिशवी घेऊन उभी होती. त्या दिवशी तिला दुकानात बराच वेळ लागत होता.

मी घसा खाकरला. "मानलं गड्यांनो," मी म्हणालो. शब्द बाहेर काढायला जड गेले, पण काढले. "आकारामअण्णा अंदमानवालेच."

पारावर एकच गलका झाला. अण्णानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग हळूहळू त्याचा हात मिशीकडे गेला, पीळ बसला, आणि तो म्हणाला, "आमी बेटात हुतो तवा..."

मी जोरात खोकलो.

"बेटावर, अण्णा," मी म्हणालो. "बेटावर."