डोळ्याच्या कोपऱ्यातला धागा

रफूवालीचा डावा डोळा सात वर्षं रडत होता, आणि रडायला त्याला कारण लागत नव्हतं. भाजी निवडताना रडे, हसता हसता रडे.

"दादा गेला तेव्हाही एवढी रडली नव्हतीस, वहिनी," नणंद म्हणे. "मी आपली उजव्या डोळ्याकडे बघते. तो ओला झाला तर खरं समजायचं."

घरात या दोघीच. एकीनं चिडवावं, दुसरीनं डोळा पुसावा.

डोळ्याचं पाणी नाकात उतरायची वाट बुजली होती. साचलं की नासतंच, मग ते डबकं असो नाहीतर डोळा. नाकाशेजारी बोराएवढी गाठ ठणके, दाबली की कोपऱ्यातून पू येई. दोनदा हाडातून नवी वाट कोरली, दोनदा ती भरून आली. रेशमावर थेंबांचे डाग पडू लागले, तसा दुकानदार म्हणाला, "बाई, आता गोणपाटं शिवा." आणि बारीक काम बंद झालं.

तिसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "ही शेवटची खेप. वाटेत सिलिकॉनची नळी ठेवलीय, दोऱ्याएवढी बारीक. तीन महिने राहू दे. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. नळी कोपऱ्यातून बाहेर आलीच, तर गालाला चिकटपट्टीनं चिकटवून तडक इकडे या. ओढायची नाही, कापायची नाही."

"आणि वाट पुन्हा बुजली तर?"

"मग डोळ्याचं पाणी साचतं ती पिशवीच काढावी लागेल. पू थांबेल. पाणी जन्मभर वाहील."

पाच आठवडे उशी कोरडी राहिली. नणंद सकाळी उठून आधी उशीवरून हात फिरवी, बाळाचं दुपटं बघावं तसा. दुकानदारानं रेशमी कोट पाठवला, कोपराला कसरीनं खाल्लेला. रफूवाली खिडकीशी बसली. उभे धागे भरले, आडवे विणायला घेतले. दुसऱ्या रंगाची सुई ओठांत धरली होती, तीस वर्षं धरत होती तशीच.

तेवढ्यात शिंक आली. ओठांत सुई, तोंड उघडणार कसं? सगळी शिंक नाकातून गेली.

तिनं कोट उजेडाकडे धरला. डोळ्यापुढे एक धागा लोंबत होता. सुटलेला धागा दिसला की कापायचा, एवढंच त्या हाताला ठाऊक. डावी चिमूट गेली, उजवी कातर गेली. टक्.

कापलेली टोकं सरसर आत गेली, तेव्हा तिला कळलं. जरा वेळानं नाकातून नळी रुमालावर उतरली. स्वच्छ होती, रेशमासारखी चमकत होती.

"तीन महिने भरत आल्यावर निघाली असती तर गोष्ट वेगळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही फार लवकर निघाली. बघू."

बघायला महिना लागला. मग गाठ पुन्हा धरली, ठणकली. डॉक्टरीणबाईंनी सुईनं पाणी सोडून पाहिलं. ते घशात उतरलं नाही, उलटून गालावर आलं. त्यांनी पिशवी काढायची तारीख दिली.

घरी नणंद दारातच उभी होती. "काय म्हणाल्या?"

"कोट परत पाठवायला हवा," रफूवाली म्हणाली. "अर्धाच झालाय. सांग त्यांना, दुसरं कुणी बघा."

डावा डोळा वाहतच होता, त्याचं काय एवढं. नणंदेनं सवयीनं उजव्याकडे पाहिलं, आणि पदराचं टोक शोधू लागली.