चिंबोरीचा श्रावण

चिंबोरी सकाळपासून तिसऱ्यांदा ओकली, आणि या वेळी पोटातून काहीच पडलं नाही. नुसता पिवळा फेस. शिवणयंत्राखाली बसून ती मान पुढे काढायची, अंग आखडायची, पोट भात्यासारखं आत-बाहेर करायची, आणि एवढ्या खटाटोपानंतर चमचाभर फेस. सत्यभामा फडकं घेऊन समोर उकिडवी बसली होती, पण तिचं लक्ष पुसण्यात नव्हतंच. हे मांजर मेलं तर गोजराला तोंड कसं दाखवायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

गोजरा म्हणजे घरमालकीण. सारसोळ्यात खाडीच्या अंगाला तिचं घर, खाली ती स्वतः आणि वरच्या दोन खोल्यांत भाड्याने सत्यभामा नि सयाजी. सयाजी साताऱ्याकडचा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. इतकी वर्षं एका जिन्याने चढ-उतार झाली, पण गोजराच्या तोंडी सत्यभामेचं नाव काही आलं नव्हतं. "वरच्ये, पानी आलाय." "वरच्ये, कपरे कार, भिजतीन." वरची म्हणजे वरची. आज आहे, उद्या दुसरी येईल. भाडेकरणीला जीव लावून कोण बसतं!

आणि मागच्या आठवड्यात उरणहून निरोप आला, गोजराची लेक सुचिता बाळंत होणार. गोजरा पिशवी भरून जिना चढून वर आली ती थेट सत्यभामेच्या ओंजळीत किल्ली ठेवायला. काखेत मांजर.

"घराची मना फिकीर न्हाय," गोजरा म्हणाली. "घराला कुलूप हाय. हिला संभाल. मालक गेल्यापासून माझे घरान जिवंत अशी हीच. नारली पुनवेला येतंय मी."

मांजरीचं नाव चिंबोरी, कारण पिल्लू असताना ती मासळीच्या टोपलीत सापडली होती आणि काढायला गेलेल्या हाताला खेकड्यासारखी डसली होती. आताही तिने सत्यभामेच्या मनगटावर एक ओरखडा काढून आपली संमती कळवली. सोबत गोजराने सुकटीचा एक डबा दिला. "मूठभर भातान कालवून घाल. नखरं न्हाय तिचं काय."

नखरे मांजरीचे नव्हते, सत्यभामेचे होते.

मार्केटात एकदा पोत्यांची थप्पी सयाजीच्या अंगावर कोसळली होती. तो त्यातून जिवानिशी वाचला, त्या वर्षापासून सत्यभामेने श्रावण धरला होता. महिनाभर घरात मासळी-मटण तर सोडाच, अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नसे. सयाजीला खायचंच असेल तर तो बाहेर खाई, आणि घरी आल्यावर चूळ भरल्याशिवाय त्याला ती बोलू देत नसे. त्या घरात सुकटीचा डबा उघडायचा? तिने डबा जिन्याखाली नेऊन ठेवला, वर बादली पालथी घातली आणि मनाशी म्हणाली, मांजर तर दुधावर जगतं. कोणत्याही गोष्टीत बघा, मांजर दूधच पीत असतं.

मग म्हशीचं दूध झालं. साय घालून दूधभात झाला. वर साजूक तूप झालं. आपल्या हातचं खाऊन मांजर कसं गुटगुटीत होतंय आणि गोजरा आल्यावर कशी तोंडात बोट घालतेय, याचं चित्र रंगवता रंगवता आज श्रावणी सोमवार उजाडला. पहाटे सयाजी कामावर निघताना तिने फराळाची साबुदाण्याची खिचडी केली, तर चिंबोरी पायात घोटाळू लागली. तिलाही घातली. दाण्याचं कूट लावून.

आता ती शिवणयंत्राखाली पडली होती आणि हाक मारली तरी कान हलवत नव्हती.

दुपारी सयाजी परतला, अंगाला कांद्याचा वास घेऊन. खुंटीला टोपी लावता लावता म्हणाला, "ह्याला काय झालं?"

"आवं, तुमची पित्ताची गोळी कुठंय?"

"तुला कशापायी?"

"मला न्हाय. हिला. पिवळा फेस ओकतीय सकाळपास्नं. तुमी बी असंच ओकत हुता की, शिमग्याला."

"मी शिमग्याला का ओकलो ते निराळं," सयाजी घाईने म्हणाला. "अन् मांजराला पित्त असतं व्हय?"

"पोट हाय तिथं पित्त हाय. अर्धी देऊ का?"

"दे की."

तिने पाकीट हातात घेतलं, गोळी बाहेर काढली, आणि तिचा हात थांबला. सयाजी सत्तर किलोचा गडी. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन चालणारा. आणि ही? ही त्याच्या पोत्यातल्या पाचसहा मूठ कांद्याएवढी. त्याची अर्धी गोळी हिच्या पोटात गेली तर?

"भामे, दे नायतर नको देऊ. पर हितं गोळी धरून बसू नगं. मला भ्या वाटतंय तुझ्या तोंडाकडं बघून."

तिने गोळी पदराच्या गाठीत बांधली आणि पाकीट घेऊन ती चपला घालत सुटली. नाक्यावरच्या औषधवाल्याने "बाई, मी माणसांचं देतो" म्हणून हात झटकले, पण गुरांच्या दवाखान्याचा नंबर तेवढा दिला. शेजारीच पीसीओ. काचेच्या खोक्यात उभं राहून तिने नंबर फिरवला. बाहेर दोघंजण आपली पाळी यायची वाट बघत होते आणि ऐकत होते.

पलीकडे एक डॉक्टरीणबाई होत्या. आवाज थकलेला, मागे म्हैस हंबरत होती.

"म्हैस का गाय?"

"मांजर," सत्यभामा म्हणाली. बाहेरचे दोघे हसले.

"बोला. किती दिवस झाले?"

"आज सकाळपासून. पिवळा फेस काढतेय. माझ्या मिस्टरांची पित्ताची गोळी आहे घरात, तिच्यातली अर्धी—"

"दिलीत?"

"नाही."

"देऊ नका. पाकिटावरचं नाव वाचा. अक्षरं सांगा." सत्यभामेने एकेक इंग्रजी अक्षर शाळेतल्या पोरीसारखं मोठ्याने वाचलं. "खाली आकडा किती आहे? चाळीस? ठीक. हे औषध चालतं मांजराला, पण अर्धी म्हणजे फार झाली. मांजर केवढं आहे? मोठं, पण हडकुळं ना? मग गोळीचे आठ भाग करा आणि त्यातला एक. दिवसातून एकदाच. आता सांगा, खायला काय घालता?"

"दूध."

"आणि?"

"दूधभात. तूप घालून."

"आज काय खाल्लं?"

सत्यभामेने बाहेरच्या दोघांकडे पाठ केली आणि रिसीव्हरला हात लावून हळूच सांगितलं. पलीकडे म्हैस पुन्हा हंबरली.

"साबुदाण्याची खिचडी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो बाई, मांजराला सोमवार धरायला लावलात?"

"घरात श्रावण पाळते मी."

"तुम्ही पाळा. तिचं पोट त्याला बनलेलं नाही. मोठ्या मांजराला दूधही पचत नाही. आता सगळं बंद. पाणी थोडं थोडं. गोळी द्या, मग तासाभराने उकडलेली मासळी, काटा काढून. मीठ नाही, हळद नाही. सुकी मासळी नको, खारट असते. दोनतीन दिवस हेच. रात्रीत उलटी थांबली नाही किंवा रक्त दिसलं, तर उद्या सकाळी टोपलीत घालून घेऊन या. ती गोळी म्हणजे सगळ्यावर उतारा नव्हे, कळलं ना?"

कळलं. फार नीट कळलं. औषध घरात होतं, पण रोगही घरातच शिजवला होता, आपल्या हाताने, तुपात.

आता ताजी मासळी कुठून आणायची? पुनवेआधी कोळी होड्या काढत नाहीत. त्यात गोजराचा दीर वामन ओट्यावर बसलेला, जाळ्याची गाठ मारत. त्याला विचारायचं म्हणजे गावभर दवंडी. आणि उरणपर्यंत वारं जायला कितीसा वेळ? सत्यभामा दोनदा त्याच्यासमोरून गेली, दोनदा परत आली.

"कं हारवलाय गो?" शेवटी वामनच म्हणाला.

"वामनभाऊ, थोडी ताजी मासळी मिळंल का?"

वामनने जाळं खाली ठेवलं. "श्रावन सोरलास?"

"मला नको. चिंबोरीला. आजारी पडलीय."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "गोजरावयनीची चिंबोरी?" तो उठला, भिंतीवरचं पाग, खाडीत फेकायचं जाळं, खांद्यावर टाकलं. "होरी न्हाय कारीत पुनवेआधी. पन खारीला मना पायी जायला कोन अरवतंय?"

आणि तो गेला. एक शब्द जास्त विचारला नाही. 

घरी येऊन तिने पाटावर कोरा कागद पसरला आणि पदराच्या गाठीतली गोळी सोडून सयाजीच्या दाढीच्या पात्याने कापली. अर्धी. पाव. पावाचे पुन्हा दोन करायला गेली तर एक तुकडा पिठासारखा झाला आणि दुसरा उडून शिवणयंत्राखाली गेला. दुसऱ्या पावाला हात घालताना तिने श्वास रोखला. हरभऱ्याच्या सालीएवढा तुकडा आला. एवढ्याशा तुकड्यावर एका जिवाचा भार.

"तुमी धरा तिला."

"मी?" सयाजी म्हणाला. पाठीवर पोती वाहणारा माणूस दोन पावलं मागे सरला. "नखं बघ तिची."

"गोणपाटात गुंडाळा की. रोजचं काम हाय तुमचं."

तेवढं त्याला जमलं. त्याने मांजर असं बांधलं की फक्त डोकं बाहेर. सत्यभामेने जबडा उघडला, तुकडा जिभेच्या मुळाशी टाकला, तोंड मिटून गळ्यावरून बोट फिरवलं. चिंबोरीने गिळलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. झालं!

आणि मग चिंबोरीच्या तोंडातून फेस यायला लागला.

पिवळा नव्हे. पांढरा. साबणासारखा, भराभरा. जबड्याच्या दोन्ही बाजूंनी तारा लोंबू लागल्या. ती डोकं झटकत होती, फेस सयाजीच्या हातावर उडत होता.

"भामे, हे मेलं!"

"सोडा तिला! सोडा!"

चिंबोरी गोणपाटातून निसटली ती थेट मोरीत. सत्यभामा परत नाक्यावर पळाली. पदर कुठे, चप्पल कुठे. नंबर फिरवला. घंटी वाजतच राहिली. पुन्हा फिरवला. शेवटी कुणीतरी गड्याने उचलला. "म्याडम बाहेर गेल्या, गाय अडलीय."

"अहो दादा, मांजराच्या तोंडाला फेस आलाय, गोळी दिल्यावर!"

"कडू असंल गोळी," गडी म्हणाला. "कडू लागलं की मांजर फेस काढतंय. म्याडम गोळीला लोणी लावून देत्यात." आणि फोन ठेवला.

त्याच्यावर विश्वास ठेवावा का? तो काही डॉक्टर नव्हता. पण ठेवला नाही तर करण्यासारखं दुसरं काय होतं? गोळी पोटात गेली की फेसातून पडली, तेही ठाऊक नाही. पुन्हा द्यावी तर दुप्पट व्हायची. न द्यावी तर... घरी येईस्तोवर तिने महादेवाला इतक्या वेळा हाक मारली, की त्याला सोमवारचा मुख्य कार्यक्रम सोडून यावं लागलं असतं.

चिंबोरी मोरीत बसली होती. फेस थांबला होता. ती सयाजीकडे बघत होती, आणि सयाजी दारात उभा राहून तिची समजूत घालत होता. "मी न्हाय गं. ती. तिनंच दिली."

वामनने आणलेली बोईटं, ताजी खाडीची मासळी, खालच्या ओट्यावर ठेवली होती, केळीच्या पानात. ती वर न्यायला सत्यभामेचे पाय उचलेनात. सोमवार, सकाळपासूनचा उपास, वर देवापुढे बेलाची पानं. तिने कमरेची किल्ली काढली आणि गोजराचं दार उघडलं.

गोजराची चूल, गोजराचं पातेलं. मासळी उकडली, ताटलीत काढली, आणि सत्यभामा खाली बसून एकेक काटा वेचू लागली. महादेवा, हा श्रावण मोडला असेल तर त्याचा हिशेब माझ्याकडे. पोत्यांखाली वाकणाऱ्या त्यांच्या पाठीवर राग काढू नकोस. आणि या जनावराकडे तर नकोच, त्याला काय कळतंय. प्रत्येक घास ती बोटांत दोनदा चाचपत होती, बारीक काटाही राहू नये म्हणून.

सयाजीने मांजर खाली आणून ठेवलं. आपल्या घराच्या फरशीवर पाय टेकताच चिंबोरीने चारी कोपरे हुंगले. मग ताटली हुंगली. सत्यभामेकडे बघितलं, जणू म्हणत होती, एवढे दिवस कुठे होती ही अक्कल?

तिने एक घास खाल्ला. मग थांबली. सत्यभामेने फडकं हातात घेतलं. चिंबोरीने दुसरा घास खाल्ला, तिसरा खाल्ला, पंजा चाटला आणि चुलीजवळ जाऊन अंगाचं वेटोळं केलं. तासभर झाला तरी कुणी ओकलं नाही. सत्यभामेने वर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि देवापुढे बसली, तेव्हा कुठे तिला रडू आलं.

तेव्हापासून रोज खाली मासळी उकडायची आणि गोळीचा तुकडा द्यायचा, असं चालू असताना गोजरा पुनवेच्या आदल्या दिवशी आली. हातात नातवाच्या बारशाचे पेढे. सत्यभामेकडून किल्ली घेऊन तिने दार उघडलं आणि तिथेच थांबली. घरात मासळीचा वास, पातेलं पालथं घातलेलं, चिंबोरी पायात घोटाळणारी पण बरगड्या दिसणारी. जिन्याखाली बादली, आणि बादलीखाली सुकटीचा डबा, दोरी न सुटलेला.

सत्यभामा जिन्यावर उभी होती. तिने सगळं सांगून टाकलं. दूध, तूप, साबुदाणा, काही लपवलं नाही.

"मांजरीचा कसला गो श्रावन!" गोजरा ओरडली. "मारलाच व्हतास तू तिला!"

"हो," सत्यभामा म्हणाली. 

गोजराने मांजर उचललं, पोट चाचपलं, डोळे बघितले. मग चुलीकडे बघितलं. "आनि ही मावरं इथं कोनी उकरली?"

"मी."

"श्रावनान? तू?"

सत्यभामा जिना उतरून आत आली. तिने पदरातून कागदाची पुडी काढली. "आजची गोळी द्यायचीय. शेवटची. तुम्ही धराल का तिला?"

गोजराने मांजर मांडीवर घट्ट धरलं. सत्यभामेने तुकड्याला लोणी लावलं, जबडा उघडला, आत टाकला. लोणी वितळलं, कडू जिभेला लागलं, आणि पांढरा फेस भसाभसा गोजराच्या नव्या लुगड्यावर उतरला.

"अगो बया! कं झाला? मरतंय की काय ही! सत्यभामे! सत्यभामे गो!"

"काही होत नाही," सत्यभामा म्हणाली. फडकं तिने आधीच हातात घेतलं होतं. "कडू असते. घट्ट धरा. आत्ता थांबेल."